लेकीला कोल्हापूरला धाडावं की घरीच ऑनलाईन एम.ए. करू द्यावं?

काजूबाग | ११ जून, रात्री ९.२०

मंडळी, आजरा तालुक्यातून लिहितोय. लेक यंदा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली. तीन वर्षं तालुक्याबाहेर जाऊन-येऊन शिकली, पहाटेची एसटी आणि दुपारची परत. आता एम.ए. करायचं म्हणते. दोन वाटा आहेत. एक, शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेऊन कोल्हापुरात राहायचं. दुसरी, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या एखाद्या विद्यापीठाची ऑनलाईन एम.ए., इथं घरी बसून.

वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर खोली, मेस, येणं-जाणं धरून महिन्याला सात-आठ हजार लागतील असा माझा अंदाज. घर चालतं काजूवर आणि दीड एकर भातावर. धाकटा बारावीला आहे.

पुण्यातला पुतण्या म्हणतो, काका, आता वर्गात बसून शिकायचे दिवस गेले, विद्यापीठांनी सगळं ऑनलाईनच करावं. एक उत्तम प्राध्यापक एकदा शिकवेल, लाखभर पोरं ऐकतील. इमारती कशाला पोसायच्या? मला त्याचं निम्मं पटलं. लेकीच्या कॉलेजात एका विषयाला चार महिने शिक्षकच नव्हता. तो विषय तिनं मोबाईलवरची व्याख्यानं ऐकून काढला आणि नेमके त्यातच जास्त मार्क पडले.

तेव्हा विद्यापीठांनी वर्ग सोडून ऑनलाईन जावं का, आणि माझ्या लेकीनं काय करावं? मी बारावीपर्यंतच शिकलोय. जे पुढं शिकलेत त्यांनी खरं ते सांगा.

पायवाट | ११ जून, रात्री ९.४८

दादा, ऑनलाईनचं ठरलं तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावरची यादी बघा. विद्यापीठाचं नाव मोठं असून भागत नाही, त्या अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी मान्यता हवी. आता प्रवेशासाठी डेब आयडीही, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. बाकी कायद्यानं अडचण नाही. मान्यता असलेली ऑनलाईन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

सगळंच ऑनलाईन करता येतं असंही नाही. वैद्यकीय, अभियांत्रिकी, कायदा, नर्सिंग हे अभ्यासक्रम त्यातून वगळलेले आहेत. एम.ए. अर्थशास्त्र मात्र चालतं.

ढब्बू_मिरची | ११ जून, रात्री १०.०५

लॉकडाऊनमध्ये आमच्या भावाचा माइक चालू राहिला आणि अख्ख्या वर्गाला आमच्या कुकरच्या चार शिट्ट्या ऐकू गेल्या. सर म्हणाले, "तूर आहे की हरभरा?" त्या वर्षातलं त्याला एवढंच आठवतं. माझं मत कोल्हापूर.

कोडकीडा | ११ जून, रात्री १०.३१

उलट बाजू मांडतो. मी डिप्लोमा करून चिंचवडला नोकरीला लागलो. घरची परिस्थिती अशी की नोकरी सोडून पदवी करणं शक्यच नव्हतं. आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाईन पदवी अभ्यासक्रम काढला. जेईई लागत नाही, चार आठवडे शिकवून पात्रता परीक्षा घेतात, ती पास झाली की प्रवेश. मी पहाटे पाच ते सात बसायचो. दर आठवड्याला स्वाध्याय आणि त्याची मुदत. चुकलं की गुण गेले.

लोक एक गोष्ट विसरतात. शिकवणं ऑनलाईन असलं तरी परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, ओळखपत्र दाखवून. म्हणून त्या पदवीला किंमत आहे. पुतण्या चुकीचा नाही. माझ्यासारख्याला दुसरा कुठलाच दरवाजा उघडा नव्हता.

ब्युरेट | ११ जून, रात्री ११.१४

बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, सांगली जिल्ह्यात. लॉकडाऊननंतर प्रयोगशाळा उघडली तो दिवस सांगते.

समोर तिसऱ्या वर्षाची मुलं. दुसऱ्या वर्षाचे सगळे प्रयोग त्यांनी व्हिडिओत बघितलेले. साधं आम्ल-अल्कली अनुमापन दिलं. डाव्या हातानं ब्युरेटची चावी फिरवायची, उजव्यानं फ्लास्क हलवत राहायचं, थेंब-थेंब सोडायचं. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग फिकट गुलाबी झाला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. बारा जणांपैकी दहा जणांच्या फ्लास्कात गडद गुलाबी पाणी. एका मुलीनं पिपेटच्या तोंडावर अंगठा ठेवला होता, बोट नव्हे. द्रव खाली सरकतोय तो रोखता येईना म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सूत्र पाठ होतं, आकडेमोड बरोबर होती. हाताला काही ठाऊक नव्हतं.

तेव्हा विद्यापीठ मोबाईलमध्ये मावतं असं कुणी म्हटलं की मला ती मुलगी आठवते. माझं स्पष्ट मत आहे, वर्ग बंद करू नका.

जिना_नको | १२ जून, सकाळी ७.०२

ब्युरेट मॅडम, तुमचा अनुभव खरा आहे, पण तुमच्या प्रयोगशाळेला पायऱ्या किती आहेत?

मी चाकाच्या खुर्चीवर असतो. एम.ए.ला माझा विभाग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन मित्र रोज उचलून न्यायचे. त्यांच्यापैकी एक आजारी पडला की माझा तास बुडायचा. पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी दरवर्षी अर्ज करायचा आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "झेपत नाही तर घेतलं कशाला?" २०२० मध्ये सगळे घरी अडकले आणि मी पहिल्यांदा बरोबरीनं वर्गात होतो. कुणाला विनवणी नाही, उशीर नाही. त्या वर्षी मी एकही तास चुकवला नाही.

मग कॉलेजं उघडली आणि ऑनलाईनची सोय एका दिवसात बंद झाली. आम्ही परत जिन्याखाली. तुम्ही सगळे 'वर्गाची मजा' म्हणता तेव्हा त्या वर्गाच्या दारापर्यंत पोचू न शकणारेही हे वाचत असतात.

ब्युरेट | १२ जून, सकाळी ७.४०

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, पण दाराशी तीन पायऱ्या आहेत. बावीस वर्षं त्या चढतेय आणि कधी मोजल्या नव्हत्या. काल मी 'बंद करू नका' म्हटलं, ते कायम. पण जो तास थेट दाखवता येतो तो दाखवायचं बंद करण्याला कुठलंच कारण नव्हतं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. उतरत्या वाटेचा (रॅम्पचा) अर्ज प्राचार्यांना आजच देते.

खाडीपलीकडे | १२ जून, सकाळी ८.१५

मी कॅलिफोर्नियात असतो, सॅन होजेजवळ. इथल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठानं २०१३ च्या जानेवारीत उडासिटी कंपनीबरोबर प्राथमिक गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्राचे स्वस्त ऑनलाईन वर्ग सुरू केले. तेव्हा अशा अभ्यासक्रमांची लाट होती, आता कॉलेजं उठणार असं पेपरात रोज छापून यायचं. त्याच उन्हाळ्यात तो प्रयोग थांबवावा लागला, कारण वर्गात शिकणाऱ्यांच्या मानानं पास होणारे फार कमी निघाले. आधीच गणितात नापास झालेली मुलंही त्यात होती, म्हणजे ज्यांना कुणीतरी शेजारी बसून सांगण्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्या हाती पडदा दिला.

डोंगरमाथा | १२ जून, सकाळी ९.३०

मी त्या लॉकडाऊनच्या तुकडीतला. गाव सावंतवाडी तालुक्यात. घरात रेंज नाही. सड्यावर एक आंब्याचं झाड आहे, त्याच्याखाली दोन दांड्या मिळायच्या. आम्ही चौघं तिथं छत्र्या घेऊन बसायचो. जूनमध्ये मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कानाला. रोजचा दीड जीबी अकरा वाजेपर्यंत संपायचा, मग उरलेले तास मित्राच्या वहीतून.

परीक्षा ऑनलाईन, पर्याय निवडायच्या. ग्रुपवर उत्तरं यायची. मीही बघितली, खोटं बोलत नाही. निकालपत्रावर ८४ टक्के आहेत. त्या वर्षाचं पुस्तक आज उघडलं तर अनोळखी वाटतं.

कोडकीडा म्हणतो तसं केंद्रावर परीक्षा असेल तर वेगळं. पण काका, आधी घरात कुठं रेंज येते ते बघा. ती जागा ओटीवर आहे, माळ्यावर आहे की गोठ्याजवळ, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

रविवारचा_वर्ग | १२ जून, दुपारी २.१०

मी अंगणवाडी सेविका. नववीत असताना शाळा सुटली, लग्न झालं. पस्तिसाव्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला आणि तिथून बी.ए. झाले. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ ला निघालं, आमच्यासारख्यांसाठीच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद माझ्या घरात खरं झालंय, म्हणून त्याच्याविषयी कुणी हलकं बोललं की मला लागतं. एका मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मुक्तची डिग्री का?" मी म्हटलं, होय साहेब, पोषण आहार, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस आणि दोन पोरं सांभाळून केलेली डिग्री आहे.

पण माझ्या सगळ्या अभ्यासात मला सर्वात जास्त काय आठवतं, तर रविवारचा वर्ग. अभ्यासकेंद्रावर दर रविवारी जायचं. पुस्तकं घरी यायची, ती वाचायचेच. पण रविवारी सर 'कळलं का' म्हणून तोंडाकडे बघायचे आणि नाही कळलं तर त्यांना सांगावं लागायचं नाही. आम्ही सोळा जणी होतो. डबे एकत्र उघडायचो. एकीच्या नवऱ्यानं वर्ग बंद केला तेव्हा आम्ही पाच जणी तिच्या घरी गेलो, सासूला समजावलं. ती पुढं पास झाली. घरी एकटीनं व्हिडिओ बघत असती तर ती थांबली हे कुणाला कळलंही नसतं.

धुकं_आणि_चहा | १२ जून, संध्याकाळी ५.४५

रविवारचा_वर्ग ताई, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी मिल्टन कीन्सला राहतो, इथंच ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं मुख्यालय आहे. १९६९ ची संस्था, पहिले विद्यार्थी १९७१ च्या जानेवारीत. बीबीसीवर भल्या पहाटे आणि रात्री उशिरा त्यांची व्याख्यानं लागायची.

पण दूरदर्शनवर व्याख्यान दाखवून त्यांनी हात झटकले नाहीत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पोस्टानं प्रयोगाची पेटी घरी जायची, सूक्ष्मदर्शकासकट. उन्हाळ्यात एक आठवडा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या आवारात निवासी वर्ग असायचा. आणि प्रत्येकाला नेमून दिलेला शिक्षक. मी इथं गणिताचे दोन अभ्यासक्रम केले. आमच्या गटात वीसेक जण. माझ्या पहिल्या स्वाध्यायावर बाईंनी पानभर लिहिलं होतं, कुठली पायरी का चुकली ते. ते पान अजून आहे माझ्याकडे.

पुतण्याला एवढंच सांगा, एक प्राध्यापक आणि लाखभर पोरं हे गणित जमत नाही. ऐकायला लाख चालतील. चूक दाखवायला माणूस लागतो, आणि माणसाला पगार लागतो. ऑनलाईन शिक्षण नीट केलं तर ते स्वस्त नसतं.

तासिका | १२ जून, संध्याकाळी ६.३०

पगाराचं निघालंच आहे तर. मी तासिका तत्त्वावर काम करतो, सात वर्षं. सेट, म्हणजे प्राध्यापक होण्याची राज्याची पात्रता परीक्षा, झालेला आहे. घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत. काजूबाग, तुमच्या लेकीला चार महिने शिक्षक नव्हता त्याचं कारण तंत्रज्ञानाचा अभाव नव्हतं. जागा रिक्त होती आणि भरली नव्हती. तिथं शिकवू शकणारी माणसं आम्ही बाहेर रांगेत उभी आहोत.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवरून करता येतात. स्वयम २०१७ पासून आहे आणि त्यावर काही व्याख्यानं खरोखर उत्तम आहेत, मी स्वतः मुलांना ऐकायला लावतो. भीती वेगळी आहे. उद्या एखादी संस्था म्हणेल, व्याख्यान पोर्टलवर आहे ना, मग शिक्षक कशाला नेमायचा? मोठ्या शहरातल्या कॉलेजात व्याख्यानही मिळेल आणि शिक्षकही. आजरा-चंदगडच्या पोरांना फक्त लिंक मिळेल.

परसदार | १२ जून, रात्री ९.५५

सगळे तंत्र, मान्यता, पगार यावर बोलताय. मला घरावर बोलायचंय.

मी एम.ए. घरी बसून केलं, बार्शीत. लग्नाआधीची दोन वर्षं. वडील चांगले, आई चांगली, कुणी एका शब्दानं अडवलं नाही. मधल्या खोलीत धान्याच्या कणगीवर लॅपटॉप ठेवायचे. अर्ध्या तासाचं व्याख्यान. अकराव्या मिनिटाला हाक, "अगं, दूध उतू जातंय बघ." पुन्हा सुरू. सतराव्या मिनिटाला आत्या आली, पाणी दे. मग शेजारच्या काकूंना बँकेचा मेसेज वाचून दाखव. मग "बसलीच आहेस तर एवढी मेथी निवड." 'बसलीच आहेस' हे शब्द मी दोन वर्षं ऐकले. अर्धा तास संपायला दुपार जायची. भाऊ त्याच घरात एमपीएससीचा अभ्यास करायचा. त्याला गावातल्या अभ्यासिकेत महिन्याच्या पैशांवर टेबल लावून दिलं होतं, कारण त्याला घरी डिस्टर्ब होतं.

कुणी वाईट नव्हतं, हे परत सांगते. मुलगी घरात दिसली की ती मोकळी आहे असं घराला वाटतं. आणि दिसली की आठवते, म्हणून स्थळंही याच काळात यायला लागली. तिसऱ्या सत्रात कांदेपोहे, चौथ्यात साखरपुडा.

पदवी मिळाली, मार्क चांगले मिळाले. पण दोन वर्षं माझी म्हणून मिळाली नाहीत. काजूबाग दादा, ऑनलाईन की कॉलेज हे नंतर ठरवा. तिला दिवसातले सहा तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा कुठं मिळेल, ते आधी बघा.

रविवारचा_वर्ग | १२ जून, रात्री १०.०७

परसदार, अगदी खरं. मी रात्री अकरानंतर वाचायचे, त्याचं कारण हेच.

काजूबाग | १३ जून, रात्री ९.१५

परसदार ताई, तुमचं वाचून काल काही लिहिलं नाही. आज मुद्दाम बघितलं. संध्याकाळी सहाला लेक ओटीवर पुस्तक घेऊन बसली. आठ वाजेपर्यंत नऊ वेळा उठली. त्यातले तीन वेळा मीच उठवली. चार्जर आण, गड्याला चहा दे, भाताच्या बियाण्याची पावती शोध. धाकटा आत अभ्यास करत होता, त्याला कुणी एकदाही हाक मारली नाही. तो बारावीला आहे म्हणून, असं आपण म्हणतो. ती दहावी-बारावीला असताना तिला सूट दिली होती का, ते आठवून बघितलं. नव्हती दिली.

ढब्बू_मिरची | १३ जून, रात्री ९.४०

दादा, मोजलंत हेच मोठं आहे.

थोडं अवांतर. मी बारावीनंतर तालुक्याला खोली करून राहिलो तेव्हा आई रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची. कंडक्टरच्या सीटमागं आठ-दहा डब्यांची पिशवी. प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. स्टँडवर आम्ही पोरं गाडीची वाट बघत उभे. गाडी बंद पडली की सगळे मिळून वडापाव. ज्याचा डबा चुकून पुढच्या स्टॉपला जायचा त्याला बाकीचे अर्धी-अर्धी भाकरी द्यायचे. माझे सगळ्यात जवळचे तीन दोस्त त्या स्टँडवरचे आहेत.

कोडकीडा | १३ जून, रात्री ९.५२

आमच्याकडे डब्यात चिठ्ठी यायची. 'भाजी संपव, तेल कमी घातलंय.' हे वाचून आज घरी फोन केला.

जुना_बोर्डिंगवाला | १३ जून, रात्री १०.४८

ढब्बू, तुझं अवांतर अवांतर नाही रे. कोल्हापूरचा विषय आहे आणि अजून कुणी वसतिगृहांबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. मी कोल्हापुरातल्या एका बोर्डिंगात चार वर्षं राहिलो आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी खेड्यातल्या पोरांचं शिक्षण कुठं अडतंय ते नेमकं ओळखलं होतं. शहरात शाळा होती, राजाराम कॉलेज होतं. खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा नव्हती आणि दोन वेळचं अन्न नव्हतं. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैन बोर्डिंग. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. लिंगायतांचं, इतरांचं, असं करत शहरभर बोर्डिंगं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. तीच गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांची. ते स्वतः कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिलेले. पुढं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पंगत हा त्या शिक्षणाचा अर्धा भाग होता.

आमच्या खोलीत चौघं. एक चंदगडचा, एक जतचा, एक शिरोळचा आणि मी राधानगरीचा. जतच्या पोरानं पहिल्यांदा आमच्याकडचा पाऊस बघितला तेव्हा तो रात्री उठून बसला, छप्पर राहील का म्हणून. दुष्काळ म्हणजे काय ते मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, त्यानं सांगितलं. आंघोळीला तो अर्धी बादली घ्यायचा आणि उरलेली कुणी सांडली तर कळवळायचा. शिवाजी विद्यापीठ १९६२ ला सागरमाळावर उभं राहिलं ते याच वाटेनं येणाऱ्या पोरांच्या भरवशावर.

व्याख्यान घरी गेलं तर जाऊ दे. जिना_नको यांच्यासाठी, अंगणवाडीच्या ताईंसाठी, चिंचवडच्या पोरासाठी ते गेलंच पाहिजे, आणि पक्क्या कागदावर गेलं पाहिजे. पण ज्या दिवशी एखादं विद्यापीठ म्हणेल की आता सगळं ऑनलाईन आहे, वसतिगृहाची गरज नाही, त्या दिवशी ते दार खेड्यातल्या पोरींच्या तोंडावर बंद होईल. पोरांना अभ्यासिका तरी लावून देतील.

जिना_नको | १३ जून, रात्री ११.२०

बोर्डिंगवाले, पटलं. एक भर घालतो. वसतिगृह बांधताना तळमजल्याला दोन खोल्या आणि एक रुंद दाराचं न्हाणीघरही बांधा. मला घरी बसून शिकायचा हक्क हवा होता, तसा मित्रांबरोबर राहायचाही हवा होता. तो प्रश्न मला कधी कुणी विचारलाच नाही.

डोंगरमाथा | १४ जून, सकाळी ८.०५

काजूबाग काका, एवढं सगळं झालं, पण लेकीला विचारलंत का?

काजूबाग | १४ जून, रात्री ८.५०

विचारलं. हा अख्खा धागा तिला मोबाईलवर वाचायला दिला. ती परसदार ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचत होती, मी लांबून बघत होतो.

मग म्हणाली, "बाबा, मोबाईलवरचे सर छान शिकवतात. पण त्यांनी महागाईचा दर समजावला तेव्हा मला विचारायचं होतं की हे आपल्या काजूच्या भावाला कसं लागू होतं. काजूगर महाग होतो तेव्हा आपल्या बीला भाव का वाढत नाही? ते विचारायला जागाच नव्हती. खाली कमेंट लिहिली, उत्तर आलं नाही." मला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही, पण हा प्रश्न आमच्या घराचा आहे आणि तिनं तो मनात दोन वर्षं धरून ठेवलाय.

दुसरं तिनं विचारलं, विद्यापीठाचं ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं.

पुतण्याशीही बोललो. तो म्हणतो, एक-दोन विषय स्वयमवरून करायची सोय असली तर तिनं ती घ्यावी, त्याचे गुण धरतात. ते ठीक आहे, घेईल. पैशाचं म्हणाल तर वसतिगृहाचा अर्ज भरतो, आणि विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे असं ऐकलंय, त्याची चौकशी तिनं स्वतः करायची ठरवलंय. जागा नाहीच मिळाली तर यंदा एक काजूचा व्यवहार आधी करून टाकू. धाकट्यालाही सांगितलंय, चार्जर आपला आपण आणायचा.

सोमवारी सकाळच्या गाडीनं दोघं निघतोय. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर विद्यापीठाला कसं जायचं? मी त्या बाजूला कधी गेलेलो नाही.

जुना_बोर्डिंगवाला | १४ जून, रात्री ९.०४

मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाहेरच केएमटी (शहरातली बस) मिळते, विद्यापीठाची विचारा, कुणीही दाखवेल. रिक्षा करू नका. आत गेल्यावर आधी मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी थांबा, लेकीचा फोटो काढा. ग्रंथालय बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं आहे, तिथं तिला एकटीला आत जाऊ दे. मूळ गुणपत्रकं, टीसी आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स बरोबर ठेवा. जेवायची वेळ झाली तर मला इथं निरोप टाका, माझं घर राजारामपुरीत आहे.

ब्युरेट | १४ जून, रात्री ९.३०

आणि काजूच्या भावाचा तो प्रश्न तिला पहिल्याच आठवड्यात वर्गात विचारायला सांगा. काय उत्तर मिळालं ते इथं येऊन लिहा, मलाही हवंय.